बॅटीचे झाड आणि आपल्या शेताचा नाला



गेल्या महिन्यात विश्वस्त मंडळाच्या बैठकीत शाळेच्या शेताचा विषय निघाला आणि अर्ध्या तासाचा विषय दोन तास चालला. मी तिथे बोललो, पण नीट बोललो नाही. माझे शिक्षण सगळे हिंदी माध्यमातून, बी.एस्सी.सुद्धा. त्यामुळे आवाज चढला की माझे मराठी पातळ होते आणि हिंदी शब्द पुढे धावतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. म्हणून जे म्हणायचे होते ते इथे शांतपणे लिहितो. हे माझे वैयक्तिक मत आहे, शाळेचा निर्णय नव्हे.

नवीन पालकांसाठी आधी थोडी माहिती. सांवेर रस्त्याच्या बाजूला आपल्या संस्थेची सहा बीघा शेती आहे. एका दानशूर गृहस्थांनी ती फार पूर्वी शाळेला दिली. सोयाबीन आणि गहू, अशी दोन पिके निघतात. शेत ठेक्याने दिलेले आहे आणि येणाऱ्या रकमेतून दरवर्षी आठ मुलांची फी भरली जाते. शेताच्या एका कडेने नाला वाहतो. दर पावसाळ्यात तो काठ थोडा थोडा ढासळतो आणि काळी माती वाहून जाते. सात-आठ वर्षांपूर्वी जिथे आमची नववीची मुले सहलीला डबे उघडून बसली होती, ती जागा आज नाल्यात आहे.

बैठकीत एक रंगीत पत्रक फिरले. एका नर्सरीचा प्रतिनिधी ते देऊन गेला होता. 'काश्मिरी विलो लावा, क्रिकेट बॅटीचे लाकूड विका, एकरी लाखो कमवा', असा मजकूर. पत्रक कसे कोण जाणे नववीच्या वर्गातही पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मला चार मुलांनी गाठले. "सर, आपल्या शेतात बॅटी उगवणार?" ज्या गावाच्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, आणि २०२२ साली मध्यप्रदेशाने मुंबईला हरवून तो पुन्हा आणला तेव्हा जिथे फटाके वाजले, त्या गावातल्या मुलांना बॅटीच्या झाडाचे वेड लागले तर दोष कुणाला द्यावा?

माझे मत दोन भागांत आहे. ती रोपे आपण घेऊ नयेत. पण विलो ज्या रीतीने शेतात लावतात ती रीत मात्र आपण घ्यावी. बैठकीत पहिला भाग सगळ्यांना कळला, दुसरा कुणालाच कळला नाही. दोष माझा.

आधी झाडाची ओळख. विलो हे एकच झाड नाही. त्याच्या जगात सुमारे चारशे जाती आहेत, बहुतेक थंड मुलखातल्या आणि ओलाव्याच्या जागी वाढणाऱ्या. कॉलेजात आम्ही त्याला 'बेद' म्हणून शिकलो, आणि मी कित्येक वर्षे बेद आणि बेंत एकच समजत होतो. बेंत म्हणजे आपला वेत, ज्याची छडी आमच्या पिढीने हातावर खाल्ली. तो वेलीसारखा चढणारा, ताडाच्या कुळातला. विलो त्याच्या नात्यातही नाही. संस्कृतातला 'वेतस' यांपैकी नेमका कोणता, यावर पंडितांचेही एकमत नाही, तेव्हा माझी चूक तेवढी मोठी नसावी. गंमत अशी की बॅटीत हे दोघे एकत्र येतात. पाते विलोचे आणि दांडा वेताचा. पाते हलके हवे आणि चेंडूचा मार सोसूनही चिरफळता कामा नये, दांड्याला लवचीकपणा हवा आणि हाताला झिणझिण्या येऊ द्यायच्या नाहीत. मुलांनो, आज घरी गेल्यावर बॅटीचे ग्रिप थोडे वर सरकवून जोड पाहा. मात्र बॅट दादाची असेल तर आधी विचारा.

विलोला आपल्याकडचाही एक भाऊबंद आहे, आणि त्याचे नाव मला आपल्या मराठीच्या बाईंनी सांगितले : वाळुंज. या नावाचे आडनाव आपण ऐकलेले असते, झाड पाहिलेले नसते. ते नदी-नाल्यांच्या काठी, ओलसर जागी वाढते. त्याच्याकडे पुढे येतो.

विलो पीक म्हणून कसा वापरतात हे मी पुस्तकात वाचले होते, डोळ्यांनी पाहिले २०२२ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत. आम्ही सात शिक्षक मनालीहून अटल बोगद्यातून लाहौलला गेलो. हा नऊ किलोमीटरचा बोगदा २०२० साली सुरू झाला. त्याआधी रोहतांगवर बर्फ पडले की लाहौलचा रस्ता वर्षातले कित्येक महिने बंद राही. बोगद्याच्या अलीकडे देवदारांचे हिरवे डोंगर आणि पलीकडे उघडे, करडे डोंगर. त्या करड्यात हिरवे काय ते बटाटा-मटारचे तुकडे आणि पाण्याच्या पाटांच्या कडेने ओळीने उभी असलेली विचित्र झाडे. बुंधा माणसाच्या उंचीचा, जाड, आणि वर एकदम डोके छाटल्यासारखे, त्यातून सरळ वर गेलेल्या फांद्यांचा झुबका. आमच्या सौ. म्हणाल्या, "न्हाव्याने अर्धवट सोडून दिल्यासारखी दिसताहेत." ते विलो होते.

ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो त्या आजोबांनी मोडक्या हिंदीत सगळे समजावले, आणि त्यांच्या हिंदीला मी मोडके म्हणावे हेही खरे तर बरे नव्हे. दर तीन-चार वर्षांनी फांद्या कापतात, बुंधा राहतो. खाली कापले तर कोवळे धुमारे गुरे खाऊन टाकतात, म्हणून माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर. पाने वाळवून हिवाळ्यात मेंढ्या-शेळ्यांना आणि गाईला. जाड फांद्या जळणाला, कारण तिथे थंडीत चूल विझणे म्हणजे जिवाशी खेळ. सरळ वासे घराच्या छपराला, बारीक काटक्या वाशांवर पसरून त्यावर माती. मुळे पाटाची कड धरून ठेवतात. आणि नवीन झाड हवे असेल तर रोप विकत आणायचे नाही. जाडशी फांदी कापायची, ओल्या मातीत खोचायची, की लागली. मी विचारले, "यातून पैसा किती मिळतो?" आजोबा हसले. म्हणाले, "पैसा बटाट्यातून मिळतो. यातून हिवाळा निघतो."

माझ्या मनात ठसले ते हे वाक्य. पण त्याच ओळींत मला वाळलेली झाडेही दिसली, मधूनमधून नव्हे, सलग. आजोबा म्हणाले, गेल्या काही दशकांत झाडे अशी मरत आली आहेत. कीड आली, रोग आला. एक कारण सोपे आहे आणि दहावीच्या मुलांना कळेल असे आहे. फांदी खोचून लावलेले झाड आईची हुबेहूब नक्कल असते. शंभर वर्षे एकाच प्रकारच्या झाडाच्या फांद्या खोचत गेलो, तर खोऱ्यातली सगळी झाडे जवळपास एकच झाड होतात. जो रोग एकाला मारतो, तो सगळ्यांना मारतो. हिमाचलातल्या संशोधकांनी म्हणूनच वेगवेगळ्या जाती आणि वाणांच्या चाचण्या घेतल्या.

आता काश्मीर, कारण पत्रकात नाव त्याचे आहे. तिथला बॅटीचा उद्योग खरा आहे, कुणी खोटा म्हणू नये. श्रीनगरहून जम्मूकडे येताना संगम, बिजबेहाडा भागात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फळ्यांच्या चळती वाळत ठेवलेल्या दिसतात. लहान-मोठे मिळून सुमारे चारशे कारखाने तिथे असल्याचे सांगतात. ओंडके कापायचे, पाचरीने फोडायचे, महिनोन्महिने सावलीत वाऱ्यावर वाळवायचे, मग दाबायचे आणि तासायचे. फाळणीपूर्वी हा धंदा सियालकोटशी बांधलेला होता, पुढे जालंदर आणि मेरठशी. कच्चे लाकूड बाहेर जाऊन काम बाहेर जाऊ नये म्हणून जम्मू-काश्मीरमध्ये २००० साली विलोच्या वाहतुकीवर बंदीचा कायदाही झाला. २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात ओमानच्या खेळाडूंच्या हाती काश्मिरी विलोची बॅट होती, तेव्हा तिथल्या कारागिरांना केवढे समाधान वाटले असेल! आणि केवळ बॅट नव्हे, गांदरबलकडे दुसऱ्या जातींचे कोवळे फोक शरद ऋतूत कापून, मोठ्या भट्टीवर उकळून, साल सोलून टोपल्या आणि कांगडीची विणलेली कवचे करतात.

पण त्याच काश्मीरमध्ये कारखानदारांची तक्रार अशी की लाकूड संपत चालले आहे. का? शेतकऱ्याने विलो तोडला आणि जागी पॉप्लर लावला. पॉप्लर लवकर तयार होतो, सफरचंदाच्या पेट्यांना आणि प्लायवुडला लगेच खपतो. बॅटीच्या विलोला पंधरा-वीस वर्षे, कधी त्याहून जास्त थांबावे लागते. ज्याने लावले त्याच्या मुलाने विकायचे, असा हा हिशेब. काश्मीरच्या थंड, ओल्या मातीत हा हिशेब शेतकऱ्याला परवडत नसेल, तर ज्या काळ्या मातीला वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या मालव्यात तो पत्रकवाल्याला कसा परवडतो, हे मला कुणी सांगावे. बॅटीचा विलो बारमाही ओल मागतो, थंडी मागतो. इथे एखादे झाड बागेत जगेलही. त्याच्यापासून बॅटीचे लाकूड होणे ही वेगळी गोष्ट.

माझ्या या संशयाला एक जुनी जखमही आहे, ती लपवत नाही. नव्वदच्या दशकात सागवान लागवडीच्या योजनांचे पीक आले होते. 'एक रोप घ्या, मुलीच्या लग्नाला झाड विका'. माझ्या वडिलांनी घरात साठवलेले पैसे अशाच एका कंपनीत घातले, आणि फॉर्म भरून देणारा मी, कारण घरातला वनस्पतिशास्त्र शिकणारा मुलगा मी होतो. कंपनी गेली, झाडे कुठे होती ते कधी कळलेच नाही. १९९९ साली सेबीने अशा योजनांसाठी नियम आणले, तोवर आमच्यासारख्या अनेक घरांचे व्हायचे ते झाले होते. वडील मला त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

तेव्हा एकाच झाडावर, एकाच गिऱ्हाइकावर आणि वीस वर्षांनंतरच्या एकाच दिवसावर डाव लावणे मला मान्य नाही. लाहौलची रीत याच्या नेमकी उलट आहे. तिथे झाड शेताच्या कडेला आहे, शेतात नाही. दर तीन वर्षांनी काहीतरी हाती येते, आणि एक उपयोग फसला तरी दुसरा उरतो.

स्वीडनमध्येही हेच झाड वेगळ्या कारणाने शेतात आले. १९७० च्या दशकात तेल महागले तेव्हा त्यांनी जळणासाठी विलोची लागवड सुरू केली. तीन-चार वर्षांनी हिवाळ्यात बुडापासून कापायचे, वसंतात नवे धुमारे, असे वीस-पंचवीस वर्षे. एन्शॉपिंग नावाच्या गावाने तर गावच्या सांडपाण्याच्या केंद्रातले खतयुक्त पाणी सुमारे ऐंशी हेक्टर विलोला दिले आणि ते लाकूड गावच्याच घरांना ऊब देणाऱ्या केंद्रात जाळले. पाणी साफ, लाकूड मोफत पाण्यावर. आपल्या इंदूरने स्वच्छतेत नाव काढले आहे, पण खान नदीचे आणि शहराबाहेरच्या नाल्यांचे पाणी पाहिले की हे उदाहरण मला आठवते. अर्थात तिथेही सगळे गोड नाही. सरकारी मदत कमी झाली, धान्य अधिक परवडू लागले, तशी बऱ्याच शेतकऱ्यांनी विलोची शेते मोडली.

आणि चुकीच्या जागी हेच झाड काय करते, तेही मुलांनी जाणून घ्यावे. काश्मीरच्या वुलर सरोवरात जळण मिळावे म्हणून पूर्वी काठाने आणि पात्रातच विलो लावले. झाडांनी झेलमचा गाळ धरला, सरोवर आटत गेले. २००७ साली तयार झालेल्या आराखड्यात वीस लाखांहून अधिक विलो काढण्याची शिफारस करावी लागली. नाल्याचा काठ धरणारे मूळ सरोवराचा गळाही धरते. झाड तेच.

आता आपला नाला. माझी सूचना अशी आहे. सहा बीघ्यांपैकी नाल्यालगतची साधारण एक बीघ्याची पट्टी ठेक्यातून सोडवावी. काठावर, अगदी ओलीत, वाळुंजाच्या फांद्या लावाव्यात, आणि त्या एकाच झाडाच्या नव्हेत, चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणच्या. पात्रात एकही लावू नये. त्यावरच्या बाजूला बांबू. २०१७ पासून जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने 'झाड' राहिलेला नाही, त्यामुळे तोडणीची कटकट कमी झाली आहे. मधूनमधून करंज, जांभूळ. वाळुंजाचे लाकूड हलके आणि मऊ, त्याला कोणी बॅटीचा भाव देणार नाही. पण पाला जनावरांना चालतो, बारीक फोकांच्या टोपल्या होतात, मुख्य म्हणजे काठ धरला जातो. मुलांना जीवशास्त्राचा तास तिथे घेता येईल. विलोच्या सालीतल्या तापावरच्या गुणाबद्दल इंग्लंडमधल्या एडवर्ड स्टोन या पाद्र्याने १७६३ साली रॉयल सोसायटीला लिहिले होते, आणि त्याच वाटेने १८९७ साली अॅस्पिरिन हाती आले, हे फळ्यावर सांगण्यापेक्षा झाडाखाली सांगितलेले लक्षात राहते. (साल चावून पाहायची नाही. आधीच सांगून ठेवतो.)

विरोधातले मुद्दे मी टाळत नाही. कोषाध्यक्षांनी बैठकीत विचारले, सहातला एक बीघा गेला तर आठातल्या कुणाची फी बंद करायची? प्रश्न बोचरा आहे आणि योग्य आहे. हिशेबाने ती सव्वा मुलाहून थोडी जास्त फी होते. पहिली तीन वर्षे त्या पट्टीतून एक रुपया येणार नाही, उलट कुंपणाचा खर्च येईल. त्यानंतरही बांबू सोयाबीनची बरोबरी करील असे वचन मी देऊ शकत नाही. माझे म्हणणे एवढेच की ती पट्टी तशीही आपल्याकडे राहणार नाही. दरवर्षी हातभर काठ जातो, आणि नाला ठेक्याची रक्कम देत नाही. त्या तीन वर्षांची ही फी माजी विद्यार्थ्यांकडून उभी करता येईल. मी माझ्यापुरता पहिल्या वर्षाचा वाटा उचलतो. हे मी मोठेपणासाठी लिहीत नाही, बैठकीत विचारले जाईल म्हणून लिहितो.

दुसरा मुद्दा शेत करणाऱ्या ठेकेदाराचा. तो म्हणतो, झाडांच्या सावलीत गहू बसतो, मुळे ओल ओढतात. यात तथ्य आहे. म्हणून उंच झाडे नाल्याकडे, आणि वाळुंज दर तीन वर्षांनी डोक्याच्या उंचीवर छाटायचा. लाहौलच्या आजोबांसारखा. छाटणी कोण करणार, हा तिसरा मुद्दा, आणि त्याला माझ्याकडे अजून चांगले उत्तर नाही. मुलांच्या हाती कोयता द्यायचा नाही, हे नक्की. शेताशेजारच्या वस्तीतल्या बकऱ्या हा चौथा मुद्दा, आणि बैठकीत सर्वांत जास्त वेळ त्यावरच गेला.

पुढची बैठक दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे. पालक प्रतिनिधींनी आपले मत त्यापूर्वी कार्यालयात लेखी द्यावे, विरोधात असले तरी. देवास, महू, खंडवा, बऱ्हाणपूर बाजूला ज्यांची शेती आहे त्यांनी आपल्या नाल्याच्या काठी वाळुंज आहे का ते पाहावे. लांबट, टोकदार पाने, पाठीमागून फिकट, आणि पाय कायम ओलीत. असल्यास आम्हाला कळवावे. फांद्या थंडीत कापून दोन दिवसांत लावाव्या लागतात, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणल्या तर चालतात. नववीच्या त्या चार मुलांना मी सांगितले आहे की बॅटी उगवणार नाहीत, पण रविवारी शेतावर यायचे असेल तर जुने बूट घालून या. तिघे येतो म्हणाले आहेत. चौथ्याची मॅच आहे.

आपला,
मुख्याध्यापक